डक्टाइल आयर्न पाइपचे रिस्ट्रेन्ड जोड: पाणी आणि सांडपाणी अशा दोन्ही वाहिन्यांवर काही महिने वापरल्यानंतर

डक्टाइल आयर्न (ठिसूळ नसलेले ओतीव लोखंड) पाइपचा नेहमीचा पुश-ऑन, म्हणजे ढकलून बसवायचा, जोड पाणी अडवतो, ओढ अडवत नाही. सॉकेटमधली (पाइपच्या रुंद तोंडातली) रबर रिंग स्पिगॉटभोवती (त्यात शिरणाऱ्या साध्या टोकाभोवती) दाबून बसते आणि गळती होऊ देत नाही. परंतु पाइप सॉकेटमधून बाहेर सरकू लागला, तर त्याला धरून ठेवणारे त्या जोडात काहीही नसते. सरळ वाहिनीत याची अडचण जाणवत नाही. बेंड (वळण), टी (फाटा), रिड्यूसर (व्यास बदलणारा तुकडा), बंद टोक आणि बंद केलेला व्हॉल्व या ठिकाणी मात्र दाबाचे बल एका बाजूला उरते आणि ते कोणीतरी पेलावेच लागते. आमच्या कामात ३०० मिमी व्यासाची पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि तिच्या शेजारून उदंचन (पंपिंग) केंद्राकडून निघणारी सांडपाण्याची दाबवाहिनी होती. चर अरुंद होता, शेजारी इतर वाहिन्या आणि केबल होत्या, आणि थ्रस्ट ब्लॉकला (हे बल मातीवर सोपवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याला) टेकण्यासाठी मागे न खणलेली घट्ट माती मिळण्याची खात्री नव्हती. म्हणून बहुतेक ठिकाणी काँक्रीटऐवजी रिस्ट्रेन्ड, म्हणजे ओढही पेलणारे, जोड निवडले. दोन्ही वाहिन्या आता अनेक महिने सेवेत आहेत आणि पुढील मते त्या वापरावर आधारलेली आहेत.

या बलाचा अंदाज आकड्यांशिवाय येत नाही. ३०० मिमी पाइपचा बाहेरचा व्यास ३२६ मिमी असतो. १० बार दाबाला बंद टोकावर सुमारे ८३ किलोन्यूटन, तर ९० अंशाच्या बेंडवर सुमारे ११८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १२ टन बल येते. चाचणीचा दाब १५ बार ठेवला की तोच आकडा १८ टनांवर जातो. बल व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६०० मिमी पाइपवर १० बारला त्याच बेंडवर ४५ टनांहून अधिक ओढ येते. हिशेबात आतला व्यास नव्हे, तर बाहेरचा व्यास धरायचा असतो, कारण पाण्याचा दाब रबर रिंगपर्यंत पोहोचतो. घाईत केलेल्या गणितात ही बाब हमखास सुटते.

आम्ही तीन प्रकारचे जोड वापरले. फिटिंग आणि व्हॉल्वजवळ मेकॅनिकल (बोल्टने आवळायच्या) जोडावर बसणारे पाचरीचे ग्लँड, म्हणजे पाइपमध्ये रुतणाऱ्या पाचरी असलेली कडी, पाण्याच्या वाहिनीच्या सरळ पाइपांत पोलादी दात असलेली गॅस्केट, आणि सांडपाण्याच्या वाहिनीवर वेल्ड बीड (स्पिगॉटवर वेल्डिंगने घातलेला उंचवटा) व लॉकिंग सेगमेंटचा (त्या उंचवट्याला अडवणाऱ्या तुकड्यांचा) जोड.

पाचरीच्या ग्लँडबद्दल माझे मत सर्वांत चांगले आहे. आधी जोडाचे टी-बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी सारखे आवळायचे, नेहमीच्या आकाराच्या बोल्टला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचा, आणि त्यानंतरच पाचरींचे स्क्रू फिरवायचे. ठरलेल्या टॉर्कला स्क्रूचे वरचे डोके तुटून पडते, म्हणजे पाचर पुरेशी बसली की नाही हे तपासणाऱ्याला नुसते पाहून कळते. ज्या कामाची तपासणी चरात वाकून, चिखलात उभे राहून करावी लागते, तिथे या सोयीचे मोल फार आहे. तुटलेल्या डोक्याखाली दुसरे लहान षटकोनी डोके शिल्लक असते, त्यामुळे ग्लँड सोडवताही येतो. मात्र पुन्हा बसवताना टॉर्क पाना हवाच, कारण तुटण्याची खूण एकदाच मिळते. ग्लँड पाइप कशाचा आहे त्यानुसार घ्यावा लागतो, हे खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पीव्हीसीसाठीचा ग्लँड वेगळा असतो, आणि जुन्या राखाडी बिडाच्या ठिसूळ पाइपवर, उत्पादकाने स्पष्ट मान्यता दिल्याशिवाय, दात रुतवणारा कोणताही प्रकार लावू नये.

दातांच्या गॅस्केटचा वेग विलक्षण आहे. नेहमीच्या रबर रिंगच्या जागी ती बसते, पाइप नेहमीप्रमाणेच ढकलायचा, आणि जोड तयार होतो. वेगाची किंमत अशी की एकदा आत गेलेला स्पिगॉट सहज बाहेर येत नाही; दात उचलून धरण्यासाठी भोवताली पोलादी पट्ट्या ठोकाव्या लागतात आणि त्यात बराच वेळ जातो. म्हणून पाइप सरळ रेषेत धरूनच ढकलणे, हवा तेवढा कोन त्यानंतर देणे, आणि स्पिगॉटवरची खोलीची खूण, टोकाची चँफर (तिरकी कड) व वंगण आधीच तपासणे, या तिन्ही गोष्टी साध्या जोडापेक्षा इथे जास्त काटेकोरपणे पाळाव्या लागतात. शिवाय ही गॅस्केट सॉकेटच्या आतल्या खाचेच्या आकाराशी जुळणारीच हवी. दोन उत्पादकांचे पाइप एका चरात आले, तर बाहेरचा व्यास सारखा असूनही खाच वेगळी असू शकते. बसवल्यावर बाहेरून साधा जोड कोणता आणि दातांचा कोणता हे ओळखणे अवघड जाते, म्हणून आम्ही अशा प्रत्येक सॉकेटवर रंगाचा पट्टा मारून घेतला.

वेल्ड बीडचा जोड तिघांत सर्वांत भक्कम वाटला. मोठ्या व्यासांना आणि जास्त दाबाला तोच योग्य आहे. तो पाइपच्या पृष्ठभागात दात रुतवत नाही, काही अंश कोनही घेतो आणि गरज पडल्यास सोडवता येतो. त्याची अडचण पाइप कापताना कळते. कारखान्यात घातलेले बीड कापलेल्या टोकावर राहत नाही, आणि मग उत्पादकाच्या पद्धतीनुसार जागेवर नवे बीड घालावे लागते किंवा पकड रिंग वापरावी लागते. कापलेला तुकडा शक्यतो रिस्ट्रेन्ड लांबीच्या बाहेर येईल अशी आखणी आधीच केली, तर हा त्रास बहुतेक टळतो. पाइप कापायचाच असेल, तर ज्याची गोलाई पूर्ण लांबीवर तपासलेली आहे असाच घ्यावा.

ज्या एका गोष्टीबद्दल उत्पादकांच्या माहितीपत्रकांनी अधिक ठळकपणे बोलायला हवे, ती म्हणजे जोडातला ढिलेपणा. ओढ येईपर्यंत लॉकिंग सेगमेंट किंवा दात पूर्ण पकड घेत नाहीत. दाब चढताना प्रत्येक जोड काही मिलिमीटर लांबतो. असे अनेक जोड एका रांगेत असले, की ही हालचाल साठत जाते आणि बेंड आपल्या जागेवरून बाहेर सरकतो. वाहिनी निकामी होत नाही, परंतु बेंडच्या जवळ घेतलेली लहान जोडणी, एअर व्हॉल्वची शाखा किंवा भिंतीतून जाणारा पाइप या हालचालीने तुटू शकतो. उपाय सोपा आहे: जोड बसल्यावर भराव घालण्यापूर्वी पाइप मागे ओढून ढिलेपणा काढून टाकायचा. आम्ही चेन ब्लॉकने प्रत्येक पाइपवर हे केले. काम थोडे लांबले, पण चाचणीत बेंडची हालचाल नगण्य राहिली.

किती लांबीपर्यंत जोड रिस्ट्रेन्ड करायचे, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. जोड एकमेकांत अडकल्यामुळे पाइपांचा तेवढा भाग एकसंध होतो, परंतु त्या भागाला धरून ठेवते ती भोवतालची माती: पाइपच्या पृष्ठभागावरचे घर्षण आणि बेंडच्या मागच्या मातीचा रेटा. म्हणूनच बंद टोकावरचे बल ९० अंशाच्या बेंडपेक्षा कमी असूनही तिथे रिस्ट्रेन्ड लांबी जास्त लागते, कारण तिथे मागून टेकू देणारी माती हिशेबात येत नाही आणि सगळा भार घर्षणावर पडतो. व्हॉल्व बंद झाला की तेही बंद टोकच असते. पाइपवर गंजरोधक पॉलिथिन आवरण घातले, तर घर्षण घटते आणि लांबी वाढवावी लागते. कमी खोली, सैल माती आणि वर आलेले भूजल यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो. दोन बेंड जवळ असून त्यांच्या लांब्या एकमेकींवर येत असतील, तर मधले सगळे जोड रिस्ट्रेन्ड करावेत. आयएसओ १०८०४ या मानकात अशा जोडांची रचना आणि प्रकार-चाचणी यांचे नियम आहेत, पण मानकानुसार उत्तीर्ण झालेला जोड कमी लांबीवर वापरला, तर तो वाहिनीला वाचवू शकत नाही. याच कारणाने भराव घालून, थराथराने धुम्मस करून झाल्यानंतरच पूर्ण दाबाची चाचणी घ्यावी, असा माझा आग्रह राहिला.

सांडपाण्याच्या बाबतीत एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. उताराने वाहणाऱ्या मलवाहिनीला सहसा या जोडांची गरज पडत नाही. गरज असते ती पंपाच्या दाबवाहिनीला. वीज अचानक गेली की पंप थांबतो, प्रवाह उलटतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व मिटतो आणि दाबाची लाट वाहिनीतून मागेपुढे धावते. नेहमीचा दाब कमी असला तरी हिशेब या लाटेच्या कमाल दाबावर करावा लागतो. इतक्या महिन्यांत पंप अनेकदा असे थांबले, तरी केंद्राच्या भिंतीजवळचे आणि पहिल्या बेंडचे जोड कोरडे राहिले आहेत. तिथे रबर नायट्राइलचे घेतले होते, कारण सांडपाण्यातल्या तेल-ग्रीसला ते ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबरापेक्षा चांगले टिकते. पिण्याच्या पाण्याला मात्र ईपीडीएमच योग्य.

गंजाबद्दल अंतिम मत द्यायला काही महिने पुरेसे नाहीत. दात जिथे रुततात तिथे बाहेरचा लेप फुटतोच, म्हणून ग्लँडवर आवरण नीट गुंडाळणे आणि बोल्ट मातीला साजेसे निवडणे मी टाळू देणार नाही. स्टेनलेस बोल्ट घेतले तर आटे अडकू नयेत म्हणून त्यांवर योग्य वंगण लावावे.

ज्या ठिकाणी जागा मोकळी आहे, माती न खणलेली आणि घट्ट आहे, काँक्रीटला पुरेसा वेळ देता येतो आणि पुढे त्यामागे कोणी खणणार नाही याची खात्री आहे, तिथे थ्रस्ट ब्लॉक आजही पुरेसा आहे. दाट वस्तीच्या रस्त्यात, जिथे ब्लॉकच्या मागे कधीही नवा चर खणला जाऊ शकतो, तिथे मी रिस्ट्रेन्ड जोडच निवडेन. मात्र रिस्ट्रेन्ड लांबी कुठून कुठपर्यंत आहे, हे प्रत्यक्ष कामाच्या नकाशावर प्रत्येक सॉकेटच्या अंतरासह नोंदवले गेले पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्या पथकाने पुढे त्या भागात पाइप कापून साधे कपलिंग घातले, तर साखळी तिथेच तुटते. आम्ही ही नोंद नकाशावर केली आहे आणि तिची प्रत देखभाल विभागाला व उदंचन केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना दिली आहे.