एचओएच्या तक्रार-पोर्टलसोबत आठ महिने

कॅलिफोर्नियात टाउनहोम घेतलं तेव्हा एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची, वर्गणी दर महिन्याला भरायची एवढं माहीत होतं. काही बिघडलं तर कोणाला आणि कसं सांगायचं, हे मात्र पोर्टल वापरता वापरता शिकले. आठ महिन्यांत अकरा तक्रारी टाकल्या. सात नीट मिटल्या, दोन एचओएच्या अखत्यारीतल्या नव्हत्या, एक मी स्वतः मागे घेतली आणि एक अजून लोंबकळते आहे.

रोजच्या दुरुस्त्यांसाठी पोर्टल खरंच चांगलं आहे. स्प्रिंकलरचं फुटलेलं हेड, गेटचा अडकणारा कीपॅड, बंद पडलेला जिन्यातला दिवा ही कामं आठवड्याच्या आत झाली. फोटो टाकायचा, वर्क ऑर्डरचा नंबर येतो, माणूस येऊन जातो. पण तक्रार लिहावी लागते नेमकी. स्प्रिंकलरच्या वेळी मी नुसत्या डबक्याचा फोटो टाकला होता. बागकामवाले दोनदा दिवसा आले आणि काहीच गळत नाही म्हणून परत गेले, कारण पाणी सुटतं पहाटे. तेव्हापासून एक फोटो लांबून, इमारतीचा नंबर दिसेल असा, एक जवळून आणि सोबत वेळ, असं ठरवून टाकलं. एका तक्रारीत एकच गोष्ट लिहायची. दोन लिहिल्या की पहिली झाली की तक्रार बंद होते.

अखत्यारीबाहेरच्या दोनांपैकी एक होता गेटबाहेरच्या रस्त्यावरचा दिवा. तो शहराचा. दुसरी माझ्या बाल्कनीतली तुंबलेली मोरी. इथला कायदा सांगतो की एकाच घराच्या वापरातल्या सामायिक भागाची देखभाल घरमालकाने करायची आणि दुरुस्ती किंवा तो भाग बदलून देणं असोसिएशनने, नियमावलीत वेगळं लिहिलेलं नसेल तर. साफसफाई म्हणजे देखभाल, म्हणून ती माझ्याकडे आली. हे पटलं.

पोर्टलवरची एक गोष्ट मला अजिबात मान्य नाही. ‘दुरुस्ती’ आणि ‘नियमभंग’ ही दोन बटणं शेजारी शेजारी, अगदी सारखी आहेत. शेजारच्या घराचे कचऱ्याचे डबे आठवडाभर बाहेर दिसले म्हणून मी दुसरं बटण दाबलं. त्याच संध्याकाळी कळलं की काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मुलगा परगावी आहे. लगेच एचओएच्या मॅनेजरला फोन करून तक्रार मागे घेतली, नियमभंगाचं पत्र अजून निघालं नव्हतं. निघालं असतं तर पुढे किमान दहा दिवसांची नोटीस, असोसिएशनच्या संचालक बोर्डापुढे सुनावणी आणि कदाचित दंड. 2025 पासून बहुतेक नियमभंगांच्या दंडावर 100 डॉलरची मर्यादा आली आहे, पण आजारी बाईला असं पत्र जाणं हेच वाईट. आधी दार वाजवायचं, बोलायचं, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. त्यांचे डबे आता मीच आत घेते.

राहिलेली तक्रार मागच्या लाकडी कुंपणाची. तीन खांब मुळाशी कुजले आहेत आणि पलीकडे मुलं खेळतात. पोर्टलवर ती दोनदा ‘पूर्ण’ दाखवली गेली, प्रत्यक्षात एक फळी ठोकली होती. म्हणून बोर्डाच्या मीटिंगला गेले. सभासदांना बोलायला वेळ द्यावाच लागतो, पण विषय अजेंड्यावर नसेल तर, तातडीची बाब सोडली, बोर्ड त्यावर निर्णय घेऊ शकत नाही. अजेंडा किमान चार दिवस आधी लावावा लागतो. म्हणजे मी बोलले, त्यांनी ऐकलं आणि गोष्ट तिथेच थांबली. मग ‘कुंपण पुढच्या अजेंड्यावर घ्या’ असं मॅनेजरला लेखी कळवलं आणि रिझर्व्ह स्टडीची, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती राखीव पैसे लागतील या अभ्यासाची, प्रत मागितली. सामायिक मालमत्तेची प्रत्यक्ष पाहणी करून हा अभ्यास दर तीन वर्षांनी करावा लागतो. त्यात आमच्या कुंपणाचं आयुष्य संपल्याची नोंद होती आणि बदलण्यासाठी रक्कमही धरलेली होती.

तेच पान दोन्ही बंद वर्क ऑर्डरच्या नंबरांसह पाठवलं. या महिन्याच्या अजेंड्यावर कुंपण चौथ्या क्रमांकावर आहे. पलीकडच्या दोन घरांतले लोकही मीटिंगला येणार आहेत.