ट्रावेम्युंडचा प्रिवाल किनारा: उन्हाळाभर मुलाबाळांसह वापरल्यानंतर

समुद्र म्हणून विचाराल तर पाचपैकी तीन. लहान मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा घेऊन जायची जागा म्हणून विचाराल तर पाचपैकी साडेचार. मे अखेरीला सुरुवात केली ती सप्टेंबरपर्यंत आम्ही इथे जात राहिलो, कधी सगळं बिऱ्हाड घेऊन, कधी मी एकटीच दोन्ही पोरांना घेऊन. त्यामुळे एका छान रविवारच्या जोरावर हे मार्क दिलेले नाहीत. कडक ऊन, बोचरा वारा, भुरभुर पाऊस, सगळं त्यात धरलंय.

प्रिवाल म्हणजे उत्तर जर्मनीत ट्रावे नदी बाल्टिक समुद्राला मिळते तिथली जमिनीची एक जीभ. ल्युबेक शहराचाच भाग, पण नदीच्या पलीकडे. हॅम्बुर्गहून आगगाडीने ल्युबेक पाऊण तास, तिथून ट्रावेम्युंडची छोटी गाडी वीसेक मिनिटं आणि शेवटी फेरीबोट. बोटी दोन आहेत. एकीत मोटारी चढतात आणि ती वर्षभर चालते. दुसरी फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, मोसमात चालणारी, ती थेट किनाऱ्याजवळ सोडते. बाबागाडी असेल तर ही दुसरीच बरी. नदी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. पण आमच्या धाकटीला विचाराल तर सहलीतला मुख्य कार्यक्रम तेवढाच, बाकी सगळं पुरवणी.

ही फेरीबोटच किनाऱ्याला शांत ठेवते असं माझं मत झालंय. नदीच्या अलीकडच्या काठावर, ट्रावेम्युंडला, फरसबंद रस्ता आहे, आइस्क्रीमच्या रांगा आहेत, उंच हॉटेल आहे. त्या हॉटेलचीही एक गंमत. 1539 सालचा जुना दीपस्तंभ त्याच्या मागे झाकला गेला, म्हणून जहाजांसाठीचा दिवा हॉटेलच्याच माथ्यावर बसवला. गर्दी बहुतेक तिकडेच थांबते. पाणी ओलांडायचा कंटाळा करत नाही तोच पलीकडे येतो. पलीकडेही सुट्टीतली घरं आणि खाण्याच्या जागा झाल्या आहेत, अगदी ओसाड समजू नका. पण लाउडस्पीकर नाही, उंटसवारी नाही, वाळूत गाडी घालणारा कोणी नाही. अलिबागच्या मे महिन्याची सवय असलेल्या माणसाला पहिला तासभर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

उतरल्याबरोबर समोर चार डोलकाठ्यांचं 'पासाट' उभं दिसतं. 1911 साली हॅम्बुर्गच्या गोदीत बांधलेलं हे शिडाचं मालवाहू जहाज चिलीहून सोरा आणायचं. त्याने केप हॉर्नला 39 वेळा वळसा घातला, आणि 1959 मध्ये ल्युबेक शहराने ते विकत घेतलं. त्याच वर्षी बांधलेलं त्याचं भावंड 'पेकिंग' आमच्या हॅम्बुर्गच्या बंदरात आहे. तिकीट काढून आत जाता येतं. थोरल्याला खलाशांच्या खोल्या फार आवडल्या. मला अरुंद जिने आणि हातातली धाकटी यांचा मेळ घालता घालता फारसं काही बघता आलं नाही.

आता पाणी. इथली सगळ्यात मोठी सोय म्हणजे उथळपणा. मोठा माणूस आत चालत जातो, चालत जातो आणि पाणी अजून गुडघ्यालाच. मध्ये कमरेपर्यंत खोलगट पट्टा लागतो आणि पुन्हा वाळूचा दांडा वर येतो. त्या दांड्यावर थोरला दिवसभर 'माझं बेट' म्हणून ठाण मांडतो. बाल्टिकचं पाणी निमखारट असतं. या ल्युबेकच्या उपसागरात मीठ साधारण एक-दीड टक्का, आपल्या अरबी समुद्रात साडेतीनच्या पुढे. नाकातोंडात गेलं तरी पोर ठसकून रडत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, अंगही चिकट होत नाही. आम्ही तर कितीदा तसेच टॉवेलने पुसून गाडीत बसलो.

भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, असली तर वीतभर. हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि नानांना पटवणं वेगळं. नाना माझे सासरे, रेवदंड्याचे. त्यांचा हिशोब पिढीजात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. जूनमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "आज षष्ठी, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. सामान मागे घ्या." साडेचारला चपला हातात घेऊन उभे राहिले. पाणी होतं तिथेच. पाच वाजले, तरी तिथेच. दोन दिवसांनी मात्र ईशान्येचा वारा सुटला आणि पाणी सरळ पुढे सरकून आलं, कोणाचं तरी रंगीत पोहरं घेऊन गेलं. तेव्हापासून ते सकाळी पंचांगाऐवजी वाऱ्याचा अंदाज विचारतात. इथे पाण्याची पातळी ठरवतो तो वाराच. हिवाळ्यातल्या वादळांत तो काय करू शकतो त्याची खूण म्हणजे नोव्हेंबर 1872 चा पूर: या किनाऱ्यावर पाणी नेहमीपेक्षा तीन मीटरहून वर चढलं होतं.

म्हणून नवख्यांना पहिली सूचना वाऱ्याची. तो समुद्राकडून येत असेल तर लाटा येतात, मुलांना मजा येते, फक्त थंडी वाजते. जमिनीकडून असेल तर पाणी तळ्यासारखं गुळगुळीत दिसतं आणि नेमका तोच दिवस अवघड. हवा भरलेला राजहंस किंवा गादी अशा वाऱ्यावर आत ओढली जाते, आणि पोरगं ती पकडायला मागे धावतं. आम्ही हवेची खेळणी आणणंच बंद केलं. शिवाय अशा वाऱ्याने वरचं तापलेलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याला येतं. वर 28 अंश ऊन आणि पाण्यात पाय घातला तर कळ, असा अनुभव जुलैतही येतो. जीवरक्षकांच्या चौकीवरचा झेंडा पाहायची सवय लावा: लाल-पिवळा म्हणजे ते हजर आहेत, त्यासोबत पिवळा चढला तर मुलांनी आणि कच्च्या पोहणाऱ्यांनी पाण्याबाहेर, लाल असेल तर कोणीच जायचं नाही.

दुसरी सूचना श्ट्रांडकोर्बची. या वेताच्या झाकलेल्या दुहेरी खुर्च्या. 1882 साली रोस्टॉकच्या बार्टेलमान नावाच्या बुरुडाने संधिवात असलेल्या एका बाईंसाठी पहिली बनवली, आणि पुढच्याच वर्षी बार्टेलमानच्या बायकोने वार्नेम्युंडला त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला मी नाकं मुरडली. दिवसाला दहा-पंधरा युरो, तेही खुर्चीसाठी? चटई आणि छत्री घेऊन गेलो. छत्री वाऱ्याने दोनदा उलटी झाली, वाळू डब्यात, डोळ्यांत, धाकटीच्या कानात. पुढच्या खेपेला कोर्ब घेतला आणि मग सोडला नाही.

तो वापरायचा कसा ते जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या दिवशी कोणी समजावत नाही. खाली दोन खण असतात, ते ओढले की पाय ठेवायला जागा होते. बाजूच्या खिट्ट्या काढून पाठ मागे रेलता येते. आत दोन्हीकडे पाडायच्या छोट्या फळ्या असतात, त्यांवर चहाचा पेला नीट राहतो. वरून पट्ट्यापट्ट्यांचं कापडी छत. रात्री समोर लाकडी जाळी लावून कुलूप घालतात. आणि मुख्य म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून तो फिरवायचा. जड असतो, दोघांनी कडेच्या मुठी धरून वाळूतून ओढावा लागतो. वाऱ्याकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड झालं की आत आणि बाहेर यांत स्वेटरचा फरक पडतो. आमची आई गुडघ्यांमुळे वाळूत बसू शकत नाही, तिने इथे अख्खी दुपार विणकाम करत काढली. धाकटीला दुपारी आत झोपवलं, खालच्या खणात कपडे ठेवले, झालं घर. एकदा मिळालेल्या कोर्बची खिट्टी मोडकी निघाली आणि भाड्याच्या टपरीवरच्या माणसाने "आज दुसरा नाही" म्हणून हात वर केले. पैसे देण्याआधी पाठ मागेपुढे करून बघा.

मुलांची करमणूक फुकट आहे. स्वीडन-फिनलंडकडे जाणाऱ्या अजस्र बोटी नदीच्या मुखातून अगदी हाकेच्या अंतरावरून जातात. बोट निघून जाते, सगळे विसरतात, आणि मग थोड्या वेळाने शांत पाण्यात चार-पाच लाटा लागोपाठ येतात. काठावर वाळूचे किल्ले करणाऱ्या पोरांचा एकच कल्ला. अगदी लहान बाळाला मात्र पाण्याच्या कडेला एकटं बसवू नका. भोकं असलेले गारगोटीचे दगड सापडतात, त्यांना इथे शुभ मानतात. आमच्या गॅलरीत त्यांची माळ झाली आहे.

आरोग्याचं थोडं. ऑगस्टमध्ये पाणी तापलं की कधीकधी निळं-हिरवं शेवाळ येतं, पाण्यावर रंगाचे पट्टे दिसतात. तेव्हा फलक लागतो, तो वाचा. पाणी गिळणाऱ्या वयाच्या मुलांना त्या दिवशी वाळूतच ठेवा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की विब्रिओ नावाच्या जंतूंचीही सूचना निघते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, पायाला जखम असेल, तर पाण्यात उतरायचं नाही. भारतातून आलेल्या मंडळींना हे आधी सांगा, कारण पायावरच्या छोट्या जखमेला आपल्याकडे कोणी जखम म्हणत नाही. जेलीफिश बहुतेक पारदर्शक, चार कड्यांची, निरुपद्रवी असते. तांबूस, लांब धाग्यांची मात्र चावते, ती क्वचित दिसते.

खाण्यात पावात घातलेला मासा, फिशब्रोटशेन. तळलेला घ्या, मुलं खातात. मुरवलेल्या हेरिंगचा नानांनी एक घास घेतला आणि विचारलं, "याला शिजवायचं राहिलं का?" मला स्वतःला तो कांद्याबरोबर आवडतो. सीगल मागून येतो, समोरून नाही, म्हणून भिंतीला पाठ लावून खा. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या काड्यांवर दिवस काढावा लागेल. आम्ही थालीपीठ नि दही नेतो.

किनाऱ्याने पूर्वेकडे चालत गेलं की घरं संपतात, टेकाडांवर उंच गवत, रानगुलाबाची झुडपं आणि लोकही विरळ होतात. 1990 पर्यंत इथे दोन जर्मनींची सरहद्द थेट वाळूतून जायची. प्रिवाल पश्चिम जर्मनीचं, पण त्याला जमिनीवरचा रस्ता होता तो पूर्व जर्मनीतून, म्हणून इथल्या लोकांना पश्चिमेकडे जायला फेरीबोटच. 3 फेब्रुवारी 1990 ला ती वाट उघडली. आता तिथे आठवणीचा एक दगड आहे आणि सायकलवाले त्याच्या शेजारून न थांबता जातात. त्याच बाजूला कपड्यांविना पोहणाऱ्यांचा भाग आहे. फलक असतो, कोणाला त्याचं काही नाही. पण सासूबाईंना फिरायला नेणार असाल तर आधी कानावर घाला किंवा पासाटच्या बाजूनेच वळा.

तक्रारी: स्वच्छतागृहं लांब आणि सुट्टी नाणी मागणारी. बाबागाडीची चाकं वाळूत रुततात, धाकटीला पाठीवर घेणंच सोपं. मोसमात किनाऱ्याची थोडी फी लागते, मुलांना माफ, पावती जवळ ठेवा. आणि रविवारी संध्याकाळची परतीची गाडी. सायकली, बाबागाड्या, भिजलेले कुत्रे, सगळे एका डब्यात. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवूनच साडेआठनंतर निघा, बसायला जागा मिळते.

लाटांत उड्या मारायच्या असतील, मुलं बारा-तेराची झाली असतील, तर इथे कंटाळतील. त्यांना उत्तर समुद्रातल्या झिल्ट बेटावर न्या. चार-पाच वर्षांखालची पोरं असतील तर जूनचे मधले वार किंवा शाळा सुरू झाल्यावरचा सप्टेंबर. पाणी तेव्हा अजून ऑगस्टची थोडी ऊब धरून असतं आणि कोर्ब हवा तो मिळतो. ऑक्टोबरात ते उचलून कोठारात नेतात.