गाडी पळते तोवर एसी गार: फॅनच्या एका रेझिस्टरपायी गेलेले आणि वाचलेले पैसे

गाडी कुठली ते लिहीत नाही. नाव टाकलं की माणसं कंपनीवरून भांडतात आणि फॅनचा मुद्दा राहून जातो. १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल एसी, रेडिएटरमागे एकच फॅन आणि त्याला दोन स्पीड, एवढं पुरे. सेकंडहँड घेतलेली आहे. मायलेज, डिकी, सस्पेन्शन याबद्दल सगळीकडे लिहून झालंय आणि ते बहुतेक खरं आहे. मला बोलायचंय ते फॅनच्या पहिल्या स्पीडबद्दल, कारण अख्खा उन्हाळा त्यात गेला.

दुखणं असं होतं. सोलापूरहून पुण्याला निघालं की एसी झकास. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, बाहेर ४२-४३ असलं तरी आत ब्लोअर दोनवर पुरतो. लोणी काळभोर मागे टाकून हडपसरच्या गर्दीत शिरलं की थोड्याच वेळात जाळीतून कोमट हवा. गर्दी फुटून गाडी पळायला लागली की परत गार. आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत म्हणायची, "पुणं आलं वाटतं."

खरं तर निदान तिथंच झालेलं आहे. एसीचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोन्हींतून हवा ओढणारा फॅन मागे. गाडी ८० ने पळत असताना फॅनची गरजच नसते, समोरचा वारा काम करतो. उभ्या गाडीत सगळा भार फॅनवर. म्हणजे पळताना गार आणि सिग्नलला गरम असं असेल तर आधी बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवून एसी लावायचा आणि फॅन फिरतोय का ते बघायचं. काही गाड्यांत एसी लावताक्षणी फिरतो, काहींत गॅसचं प्रेशर जरा चढल्यावर. पण फिरायला हवा. याला ना गेज लागतं ना स्कॅनर.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हे कुणी केलं नाही. पहिल्यांदा "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरला. तक्रार तशीच राहिली म्हणून परत गेलो तर "गॅस जास्त झालाय" म्हणून थोडा काढला. दोन्हींचे पैसे लावले. पुढच्या खेपेला ॲडव्हायझरने थेट कॉम्प्रेसरचं एस्टिमेट हातात ठेवलं, २६,४०० रुपये, लेबर वेगळं. मी विचारलं की कॉम्प्रेसर गेलाय तर टेंभुर्णीला गार कसा करतो? "लोडवर वीक पडतो सर." लोड उभ्या गाडीत जास्त असतो की ८० ला, हे विचारायचं राहू दिलं. डायग्नोसिसचे ८५० भरले आणि गाडी बाहेर काढली.

त्यानंतर सोलापुरातच विजापूर रोडच्या एका एसीवाल्याकडे गेलो. टपरीवजा दुकान, बाहेर दोन स्कॉर्पिओ उघड्या पडलेल्या. त्याने गेज लावलं, इंजिन चालू ठेवलं, एसी फुल. लो साइड (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचं प्रेशर) ६० च्या आसपास आणि हाय साइडचा (बाहेर पडणाऱ्या गॅसचा) काटा चढत चढत ३२० पीएसआयपर्यंत. माझा गॅस आर १३४ए, त्याला अशा उन्हात हाय साइड २००-२५० पर्यंत चालते. पठ्ठ्याने काही न बोलता मगभर पाणी घेतलं आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर फेकलं. काटा डोळ्यांदेखत २०० च्या खाली आला आणि आत एसीच्या जाळीतून गार हवा यायला लागली. पाणी वाळलं तसा काटा परत वर. "मालक, गॅस बरोबर हाय, कॉम्प्रेसर बी बरोबर हाय. तुमचा फॅन झोपलाय. वायरमनकडं जावा." पैसे घेतले नाहीत. चहा पाजला मी.

इथून पुढचं वायरिंगचं. एसी लावल्यावर फ्यूज बॉक्समधून 'टक' असा आवाज येत होता. त्या आवाजाचा अर्थ मोठा आहे: कॉम्प्युटर हुकूम देतोय आणि रिले (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) तो ऐकतोय. म्हणजे ईसीएम (तोच कॉम्प्युटर), एसीचं बटण, प्रेशर सेन्सर, कूलंट सेन्सर ही सगळी महागडी मंडळी एका फटक्यात संशयातून सुटली. पण रिले टक करतो म्हणजे करंट पुढे सोडतोच असं नाही, आतले पॉइंट जळालेले असू शकतात. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून तिथे लावला. फरक शून्य. ३० अँपिअरचा फ्यूज चांगला. रिलेच्या ८७ नंबरच्या पायावर (जिथून करंट बाहेर पडतो) करंट येत होता, फॅनच्या कपलरवर (वायरी जोडायच्या सॉकेटवर) लो स्पीडच्या वायरीला काहीच नाही. बॅटरीवरून मोटरला डायरेक्ट दिला तर फॅन फिरला. रिले आणि मोटर यांच्या मधे एकच वस्तू उरते, ती म्हणजे रेझिस्टर.

वायरमनने मीटर नव्हे, टेस्ट लॅम्प वापरला, तोही मागच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून केलेला. मीटर फसवतो. गंजलेल्या कपलरमधूनही मीटरला १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, मग खरं काय ते कळतं. घरी मल्टिमीटर असेल तर अजून एक लक्षात ठेवा: फॅनचा करंट मोजायला त्याच्या १० अँपिअरच्या भोकात वायर घालू नका. फॅन सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो, मीटरचा फ्यूज जातो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो.

आता रेझिस्टरबद्दल. ही दोन इंचांची चिनीमातीची कांडी माझ्या डोक्यातून जात नाही, त्याला इलाज नाही. हाय स्पीडला मोटरला थेट बॅटरीचा करंट मिळतो. लो स्पीडला हा रेझिस्टर मधे येतो, थोडे व्होल्ट स्वतः खातो आणि मोटर हळू फिरते. माझ्या गाडीत लो स्पीडला ८ अँपिअर जातात आणि रेझिस्टरवर ४ व्होल्ट पडतात, म्हणजे तो साधारण ०.५ ओहमचा. (हे मीटरच्या ओहमवर मोजू नका, मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.२-०.३ दाखवतो.) ८ गुणिले ४ म्हणजे ३२ वॅट, सोल्डरिंगची इस्त्री जेवढी तापते तेवढं. तो थंड राहावा म्हणून त्याला फॅनच्याच वाऱ्यात बसवलाय. आता मोटर जुनी होऊन जड फिरायला लागली आणि १२ अँपिअर ओढायला लागली, तर उष्णता दीडपट नाही, सव्वादोनपट होते: ७२ वॅट. आणि मोटर जड म्हणजे वाराही कमी. मग रेझिस्टरच्या आतली थर्मल लिंक (फार तापलं की तुटणारा फ्यूज) उडते, ती एकदाच उडते, आणि लो स्पीड कायमचा बंद. हाय स्पीड शाबूत राहतो, त्यामुळे गाडी हीट होत नाही, लाल दिवा लागत नाही, स्कॅनरवर कोड येत नाही. फॅन एकतर गप्प, नाहीतर कूलंट १०३ ला गेल्यावर एकदम बोंब मारणार.

कूलंटचा आकडा मला ओबीडी डोंगलमुळे (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) कळतो. डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि वाट लागल्यावर लाल दिवा. मधलं सगळं रामभरोसे. सात-आठ लाखांच्या गाडीत एक काटा देता येत नाही, पण स्टिअरिंगवर गाणी बदलायची बटणं आहेत.

आणि हा रेझिस्टर सुटा मिळत नाही. पार्ट काउंटरवर विचारलं तर 'फॅन असेंब्ली', ६,८५०. रेझिस्टर फॅनच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला रिव्हेटने ठोकलाय, तोही खालच्या कोपऱ्यात. तिथे हात पोचायला पुढचा बंपर सोडवावा लागतो. दोन स्क्रू दिले असते आणि वरच्या बाजूला बसवला असता तर घरच्या घरी बदलता आला असता. ज्याने हे डिझाइन केलं त्याला मे महिन्यात सोलापूरच्या सात रस्त्याच्या सिग्नलवर एसी लावून उभं करायला पाहिजे.

वायरमनने दोन पर्याय दिले. एक, "डायरेक्ट मारून देतो", म्हणजे रेझिस्टर बायपास करून दोन्ही स्पीडला हाय. शंभर रुपयांत काम होतं, हायवेवरच्या ढाब्याशेजारी सगळे हेच करतात. मी नको म्हटलं. जड मोटरला सतत फुल करंट म्हणजे वायरिंग आणि कपलर भाजणार, आणि आवाजाने डोकं उठणार. दुसरा पर्याय, दुसऱ्या एका मॉडेलचा त्याच किमतीचा, म्हणजे तेवढ्याच ओहमचा, रेझिस्टर आणून बसवायचा. तो पुण्यात नाना पेठेत मिळाला, ३२० रुपयांना. बंपर काढून, रिव्हेट फोडून, नट-बोल्टने बसवून मजुरी ६००. चौकटीला अडकवलेली अर्थची वायर गंजली होती, ती घासून पक्की केली. एसी लावला, टक, आणि फॅन शांतपणे फिरायला लागला. ऐन दुपारी उभ्या गाडीत हाय साइड २३० वर थांबली. २६,४०० च्या जागी ९२०.

पावसाळ्यानंतरची भर: वायरमन तेव्हाच म्हणाला होता की मोटर जड आहे, एक सीझन काढेल. सीझन काढला आणि पावसात चिखलपाणी खाऊन कुरकुरायला लागली. क्लॅम्प मीटरवर लो स्पीडला करंट ११ च्या पुढे दिसला, म्हणजे नवा रेझिस्टरही त्याच वाटेने जाणार. मग मोटर बदलली. कंपनीची सुटी मिळत नाही (अर्थातच), बाजारातली १,९०० ची घेतली. करंट परत ८ वर. पण या मोटरला एक बारीक घरघर आहे, एसी लावून खिडकी उघडली की ऐकू येते. बायको म्हणते तिला ऐकू येत नाही. मला येते. असेंब्लीचे ६,८५० दिले असते तर घरघर नसती, हे मान्य, पण रेझिस्टर, मोटर आणि मजुरी धरूनही अर्ध्यात भागलं.

त्याआधी मी या गाडीला डबडं म्हणत होतो, ते मागे घेतो. इंजिन, कंडेन्सर, कॉम्प्रेसर सगळं दणकट आहे. राग उरलाय तो रिव्हेटवर आणि नसलेल्या काट्यावर.

अलीकडची भर: मधे वेगळंच सुरू झालं. तासभर चालवलं की एसी बंद, गाडी थंड झाली की आपोआप चालू. यावेळी फॅन व्यवस्थित फिरत होता. एसी बंद पडल्या पडल्या बॉनेट उघडून पाहिलं तर कॉम्प्रेसरची पुली फिरतेय पण पुढची क्लच प्लेट (पुलीला चिकटून कॉम्प्रेसर फिरवणारी) स्थिर. क्लचच्या कपलरवर १२ व्होल्ट हजर. करंट येतोय आणि प्लेट ओढली जात नाही, म्हणजे एकतर कॉईल गेली किंवा फट वाढली. कॉईल ४ ओहम, ठीक. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर प्लेट आणि पुलीमधली फट ०.९ मिलिमीटर. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. प्लेट झिजत जाते तशी फट वाढते, कॉईल तापली की तिची ओढ कमी होते, आणि गरम असताना प्लेट चिकटत नाही. एसीवाल्याने मधला नट सोडून प्लेट काढली, खालची एक पातळ वॉशर कमी केली, प्लेट परत बसवली. गॅसला हातही लावला नाही. ४०० रुपये, तेही मी आग्रहाने दिले.

सर्व्हिस सेंटरला दोन्ही दुरुस्त्यांचे फोटो जोडून मेल केलाय. गॅस भरल्याचे, तोच काढल्याचे आणि डायग्नोसिसचे ८५० परत मागितलेत. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं आपोआप येणारं उत्तर आलं, त्यापुढे काही नाही. आठवड्यातून एक स्मरणपत्र जातंच आहे. दरम्यान एक जास्तीचा रिले आणि तो २१ वॅटचा बल्ब ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवलाय, आणि घरघर फारच वाढली तर मोटरवाल्याकडे गॅरंटीचा कागद घेऊन जाणार आहे.