जळगावची परदेश-नोकरी एजन्सी: पाचपैकी साडेतीन तारे

नव्या बसस्टँडजवळच्या या ऑफिसची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे तोंडावर नाही म्हणतात. माझ्यासमोर एका वेल्डर पोराला मॅडमनी सांगितलं, "तुझा आयटीआय एक वर्षाचा. जर्मनीला अनुभवावर जायचं तर किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. आत्ता पैसे भरू नको." माझा भाचा फिटर, म्हणजे दोन वर्षांचा ट्रेड, शिवाय कामाचा अनुभव. त्याची फाइल पुढे सरकली.

फी नियमातली. एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. इथे तेवढेच घेतले, पावतीही दिली. नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलाय. मी तिथेच मोबाइलवर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, बरोबर निघाला. चहाच्या टपरीवर बसून लाखांत बोलणारे एजंट आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे एवढं तरी बघाच. जर्मन भाषेच्या क्लासचे पैसे मात्र वेगळे, आणि ते पहिल्या भेटीत कोणी बोललं नाही. अर्धा तारा तिथे गेला.

भिंतीवर मोठं पोस्टर आहे: जर्मनीत कामाला माणूस मिळत नाही. मला हसू आलं. एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, हेच रडगाणं मी रोज गातो. माणूस मिळतो हो, माझ्या भावात मिळत नाही! आर्गन वेल्डिंगवर हात बसला की पोरगं चाकण नाहीतर सुरत गाठतं, आणि त्याच्या जागी बिहारचा येतो. तिकडे नंदुरबारची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत.

म्हणून सरळ विचारलं, तिकडची पोरं हे काम का करत नाहीत? आमच्यासारखाच मजुरीचा घोळ असेल तर भाच्याला स्वस्तात राबवतील. मॅडम गडबडल्या नाहीत. स्थानिक माणूस आहे का हे आधी बघायची अट तिथे कुशल कामगारांसाठी मार्च २०२० पासून साधारणपणे निघाली. पण पगार तिथल्या माणसापेक्षा कमी नको, हे त्यांचं रोजगार खातं तपासतं. अनुभवाच्या वाटेने जाणाऱ्याला २०२५ साठी वर्षाला किमान ४३,४७० युरो; कंपनी कामगार संघटनेबरोबरच्या सामूहिक वेतन करारात बांधलेली असेल तर या रकमेतून सूट. भाच्याचा प्रश्न एकच, "मामा, ओव्हरटाइम कितला देतीन?" त्याचं उत्तर करारात बघा म्हणाल्या.

करार दाखवला तो फक्त जर्मनमध्ये. कर, विमा, घरभाडं जाऊन हातात किती उरणार, हे समजायला इंग्रजी प्रत दोनदा मागावी लागली. एक तारा त्याचा.

जाताना आयटीआयचं एनसीव्हीटी मूळ प्रमाणपत्र आणि अनुभवाचे दाखले न्या, नुसत्या झेरॉक्सवर परत पाठवतात. गाडी लावायला जागा नाही.