ट्रॅकसाठी पहिली गाडी: जुन्या आर१५ सोबतची दोन वर्षं

संभाजीनगरच्या बजाज कारखान्याजवळच्या बजाजनगरमध्ये राहून रेस ट्रॅकवर चालवायला यामाहाची आर१५ घेतली, हे मला अजून ऐकवतात. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारात बजाजची पल्सर उभी आहे. मी स्वतः वाळूज एमआयडीसीत सीएनसी मशीनवर तीन शिफ्टमध्ये काम करतो. गाडी पिकअपमधून उतरवली तेव्हा मोठा भाऊ दारातच म्हणाला, "कामून आणलीस ही? तेवढ्यात दोनशे सीसीची मिळत होती की." तेव्हा त्याला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं.

गाडी २०१५ ची, आर१५ व्हर्जन २. ३१ हजार किलोमीटर चाललेली, जालन्यातून ५२ हजारांना घेतली. १४९ सीसी, लिक्विड कूल्ड, ताकद १७ पीएस, सहा गिअर, वजन १३६ किलो. २००८ मध्ये आलेली पहिली आर१५ याहून स्वस्त मिळते, पण तिच्या मोहात पडू नका. तिचं मागचं टायर १०० चं, रिम बारीक. ट्रॅकचं रुंद टायर बसवायचं तर रिमपासून बदलावं लागतं. २०११ च्या व्हर्जन २ मध्ये मागे १३० चं रेडियल आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्विंगआर्म आला. व्हर्जन ३ तर १५५ सीसीची, स्लिपर क्लचसकट (पटकन गिअर खाली टाकले तरी मागचं चाक अडकू न देणारा क्लच), आणि अजून चांगली. पण मी पाहिल्या त्या सगळ्या लाखाच्या आसपास होत्या आणि माझ्याकडे एकूण दीड लाख होते. एकूण म्हणजे गाडी, कपडे, टायर, प्रवास सगळं धरून. गाडीवरच लाख घातले असते तर ती वर्षभर घरात झाकून ठेवावी लागली असती.

आता भावाचा प्रश्न. मोठ्या गाडीवर वळणात हळू गेलं तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर अ‍ॅक्सिलेटर पिळला की वेळ भरून निघते, आणि आपल्याला वाटतं आपल्याला जमलं. आर१५ वर ती सोय नाही. वळणात पाच किलोमीटरचा वेग सांडला तर तो गोळा करायला अख्खा पट्टा जातो. म्हणून ब्रेक कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची, गुडघा-खांदा आधी कसा न्यायचा, हे शिकावंच लागतं. शिवाय राष्ट्रीय स्पर्धेत १६५ सीसीचा गट आहेच. पुढे एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स काढून उतरावंसं वाटलं तर गाडी बदलावी लागत नाही.

बाकीच्या गाड्या मी मनापासून पाहिल्या. केटीएम आरसी २०० ची चेसिस मला सगळ्यात आवडली, २५ पीएस आहेत, पण माझ्या पैशात मिळत होत्या त्या सगळ्या कॉलेजच्या पोरांनी रगडलेल्या. पल्सर आरएस २०० आमच्या घरची म्हणावी अशी, पण १६५ किलो. नवशिक्याला ते वजन दिशा बदलताना जाणवतं. पल्सर एनएस २०० शेजारच्या मित्राकडे आहे. सरळ पट्ट्यावर तो मला सोडून जातो, वळणांत मी त्याला गाठतो. पण तिला फेअरिंग, म्हणजे पुढून-बाजूंनी झाकणारं कवच, नाही. इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर सांडू नये म्हणून इंजिनच्या खाली ट्रे लागतो, तो त्याला वेगळा बनवून घ्यावा लागला. अपाची आरटीआर २०० च्या २०१८ पासूनच्या गाड्यांना स्लिपर क्लच आहे, आर१५ चांगल्या स्थितीत मिळाली नाही तर मी डोळे झाकून तिच्याकडे जाईन. आरसी ३९० चे ४३ पीएस पहिल्या वर्षी नकोतच. ती घेऊन घाबरलेला आणि नंतर ट्रॅककडे न फिरकलेला एक जण मी जवळून पाहिलाय, फार वाईट वाटतं.

जुनी गाडी घेताना रंग आणि किलोमीटर यांपेक्षा पुढचा भाग बघा. मला विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "एकदाही पडली नाही." चालवून पाहिली, हात सोडल्यावर किंचित डावीकडे ओढायची. टायरचं असेल म्हणून मी घेतली, आणि तिथेच चुकलो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मिस्त्रीने फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, उतरवले आणि पाइप माझ्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत मी ते व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवले, वाक मोजणारा काट्याचा डायल लावला आणि हळूहळू फिरवले. डावा पाइप ठीक निघाला. उजव्याला काटा ०.८ मिलीमीटरपर्यंत गेला आणि परत आला. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पाइप आरशासारखा चकचकीत होता. दोन्ही पाइप नवे, सील, तेल मिळून साडेसहा हजार गेले. हँडलखालचा दांडा, म्हणजे स्टेम, सरळ होता म्हणून वाचलो. घेण्याआधीच अर्धा तास मोडून कुणाकडून तरी हे तपासून घेतलं असतं तर ते पैसे किमतीतून कापून घेता आले असते.

इंजिनचं एक लक्षात ठेवा. या गाडीचा सिलिंडर डायएसिलचा, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आत लोखंडी लायनर नाही. घासला गेला तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येत नाही, अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. म्हणून सायलेन्सरमधून निळा धूर दिसला तर सौदा तिथेच सोडा. आणि ऑइल बदलण्यात कंजुषी करू नका. मी दर दोन ट्रॅक-दिवसांनी बदलतो.

गाडी तयार करायला एक महिना गेला. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढले; मूळ फेअरिंग माळ्यावर ठेवून फायबरचं बसवलं. मला सगळ्यात आवडलेलं काम सेफ्टी वायरचं. ऑइलचा ड्रेन बोल्ट काढायचा, त्याच्या डोक्यात दीड मिलीमीटरचं आरपार भोक पाडायचं, मग स्टीलची तार ओवून पीळ देत ती अशा बाजूने बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला आवळणाऱ्या दिशेने ओढेल. षटकोनी डोक्यावर ड्रिल सरकतं. आधी पंच मारून खूण केली तेव्हा कुठे जमलं. कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरतात, कारण कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो आणि मागचे पडतात. घरी आलं की पाणी काढून पुन्हा कूलंट भरायचं, नाहीतर आत गंज धरतो.

आपल्याकडे खरी अडचण ट्रॅकची आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून सुरू आहे, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. संभाजीनगरहून चेन्नई म्हणजे बीड, सोलापूर, हैदराबाद करत बाराशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही तिघं मिळून पिकअप करतो, माझ्या वाट्याला जाऊन-येऊन १४ हजार येतात. रेल्वेने पार्सलही करता येते, पण टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि गाडी आपल्याबरोबरच पोहोचेल याची खात्री नसते. पहिल्या वेळी मी गाडी नेलीच नाही. तिथल्या रेसिंग शाळेच्या गाडीवर दोन दिवस शिकलो. ते फार बरं झालं, कारण आपल्याला नेमकं काय हवंय हे त्या दोन दिवसांत कळलं.

स्वतःच्या गाडीवर दुसऱ्याच सेशनला पडलो. उजव्या वळणात गाडी पूर्ण झुकलेली असताना अ‍ॅक्सिलेटर घाईने उघडला, मागचं चाक सुटलं, मी आणि गाडी सरकत मातीत गेलो. उठलो तर सूटच्या ढोपरावर फक्त पांढरे ओरखडे, आत कातडीला काहीच नाही. ब्रेकचा लिव्हर तुटला, फूटपेग वाकला, फायबर एका जागी फाटलं. सगळं मिळून २,३०० रुपये. लिव्हर पेटीत जादा होता, फायबरला टेप मारली आणि दुपारच्या सेशनला पुन्हा उतरलो. त्या दुपारी मला माझ्या निवडीचं समाधान वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं. कर्जाची गाडी असती तर मी उरलेला दिवस हप्त्यांचा हिशेब करत बसलो असतो. नेहमीच्या इन्शुरन्समध्ये रेसिंगचं नुकसान धरत नाहीत, ते सगळं आपल्याच खिशातून जातं.

पैशाचं सरळ सांगतो. एकसंध लेदर सूट २४ हजार, हेल्मेट ११, बूट आणि ग्लोव्ह्ज मिळून १३, मऊ टायरची जोडी साडेआठ. म्हणजे अंगावरचं आणि टायर मिळून गाडीपेक्षा जास्त झालं. सूट जुना चालेल, हेल्मेट जुनं कधीच घेऊ नका.

तक्रारी आहेत. स्लिपर क्लच नाही, म्हणून दोन गिअर पटकन खाली टाकले की मागचं चाक उड्या मारतं. मला ते सवयीने जमायला सहा महिने लागले. पुढचे फोर्क बारीक आहेत, जोरात ब्रेक मारला की नाक खाली बसतं. घट्ट तेल टाकून थोडं सुधारलं. माझी उंची पाच फूट आठ इंच, तरी तासाभराने मनगटं भरून येतात. सहा फुटी माणसाने आधी बसून बघावं.

चेन्नईच्या ट्रॅकच्या सी-वन या पहिल्या वळणाला, मोठ्या पट्ट्याच्या शेवटी, मीटरवर १२५-१३० दिसतात आणि आता मी तिथे पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी उशिरा ब्रेक धरतो. अजून एक वर्ष हीच ठेवणार आहे. भावाने मागच्या महिन्यात एकदा तिच्यावर बसून पाहिलं, काही बोलला नाही, फक्त चेन सैल आहे म्हणून सांगितलं. खरंच सैल होती.

वाळूज आणि त्याला लागूनचं पंढरपूर, रांजणगाव या भागात कुणी जुनी आर१५ बघायला जाणार असेल तर रविवारी मला सुट्टी असते. व्ही-ब्लॉक आणि डायल घेऊन मी बरोबर येतो.