मूळ बी.एल. की टेलेक्स रिलीज?

वाशीच्या एपीएमसीतून कांदा दुबईला पाठवू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे ठरवावंच लागतं. मूळ बिल ऑफ लेडिंग (बी.एल.) म्हणजे जहाज कंपनीने दिलेला, मालावरच्या हक्काचा कागद. सहसा 3 प्रतींचा संच निघतो. त्यातली एक कंपनीला परत दिल्यावरच खरेदीदाराला माल मिळतो. पैसे येईपर्यंत संच बँकेमार्फत रोखून धरता येतो, हे मोठंच बळ.

टेलेक्स रिलीजमध्ये संच इथेच शिपिंग लाइनकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, जमा होतो आणि ती दुबईच्या जेबेल अली बंदरातल्या आपल्या एजंटला माल सोडायला कळवते. आपल्या न्हावा शेवा बंदराहून अंतर थोडं. बँकेतून कागद पोहोचण्याआधीच जहाज लागतं, आणि नाशवंत मालाला थांबणं परवडत नाही. 

तरी नव्या गिऱ्हाइकासाठी मी मूळ संचच सुचवेन. टेलेक्स द्यायचाच, तर पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर. स्विफ्ट पावतीच्या (बँकेतून परदेशी पैसे पाठवल्याच्या पावतीच्या) फोटोवर मुळीच नाही.