बास्केटबॉल टीममधला सगळ्यात भारी प्लेयर तूच असशील तर खेळायचं कोणासारखं? जॉर्डन, लेब्रॉन, करी की योकिच

जॉर्डन मोठा की लेब्रॉन मोठा हे भांडण ज्याला करायचंय त्याने खुशाल करावं. सकाळी सहाला उठून फायनल बघणाऱ्या प्रत्येक ग्रुपवर ते बारा महिने चालू असतं आणि त्याने आजवर कुणाचं मत बदललेलं नाही. मला त्यातला एकच तुकडा कामाचा वाटतो. समज तुझ्या कॉलेजच्या टीममधला सगळ्यात भारी प्लेयर तूच आहेस, बाकीचे चौघं यथातथा, आणि समोरचा कोच तुझ्या अंगावर दोन-दोन माणसं सोडतोय. आता बॉलचं काय करायचं? स्वतः घुसायचं की पास द्यायचा, द्यायचा तर कधी आणि कुणाला, आणि देऊन झाल्यावर उभं कुठे राहायचं? एनबीएमधल्या (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) चौघांनी याची चार वेगळी उत्तरं दिलीत आणि चौघांकडेही रिंग, म्हणजे लीग जिंकल्याची अंगठी, आहे, त्यामुळे चुकीचं कुणाचंच म्हणता येत नाही, पण तुला त्यातलं कुठलं झेपेल हे बघायला लागेल.

त्याआधी एक खूळ डोक्यातून काढ, की ज्याचे असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट पडते तो पास) जास्त तो टीममेटना जास्त खेळवतो. तसं असतं तर जॉन स्टॉकटनकडे रिंगांचा ढीग असता. 15,806 असिस्ट आहेत त्याचे, आजही कुणी आसपास नाही, आणि तो 1997 अन् 1998 असं दोनदा फायनलला जाऊन दोन्ही वेळा शिकागोकडून हरला. स्टीव्ह नॅश दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेयर) झाला पण फायनल एकदाही खेळला नाही. रसेल वेस्टब्रुकने 2016-17 चा अख्खा सीझन ट्रिपल-डबलच्या (तीन गोष्टींत दोन आकडी) सरासरीने काढला, 31.6 पॉइंट, 10.7 रिबाउंड, 10.4 असिस्ट, आणि पहिल्याच राउंडला ह्यूस्टनने 4-1 ने घरी पाठवलं. असिस्ट वाईट असतो असं म्हणायचं नाहीये, पण शॉट मारायला मिळणाऱ्या चोवीस सेकंदातले अठरा सेकंद बॉल तूच आपटत राहिलास आणि अगदी शेवटी कोपऱ्यातल्या पोराच्या गळ्यात टाकलास, तर त्याने तो मारला की असिस्ट तुझा आणि चुकला की चूक त्याची. असा हिशोब बॉक्स स्कोअरमध्ये छान दिसतो, त्या पोराला मात्र पूर्ण मॅचमध्ये बॉलचा धड स्पर्शही झालेला नसतो.

आता जॉर्डन, कारण शेवटी सगळ्यांना व्हायचं तोच असतं. 1984 ला शिकागोकडून लीगमध्ये आला आणि पहिली रिंग थेट 1991 ला, सातव्या सीझनला. मधल्या काळात पॉइंट कमी पडत होते असं कुणी म्हणू नये, 1986 च्या प्लेऑफला बोस्टनसमोर एका मॅचला 63 मारले (मॅच डबल ओव्हरटाइममध्ये हरले, सिरीज 3-0 ने गेली), पुढच्या सीझनला सरासरी 37.1 होती. आणि पास देऊन बघितलं नव्हतं असंही नाही! 1989 ला सीझन संपत आलेला असताना कोच डग कॉलिन्सने त्याला पॉइंट गार्ड केला तर पठ्ठ्याने अकरा मॅचमध्ये दहा ट्रिपल-डबल काढले, तरी त्या वर्षी डेट्रॉइटने बाहेर काढलं ते काढलंच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही डेट्रॉइटनेच. फरक पडला तो फिल जॅक्सन हेड कोच झाल्यावर आणि टेक्स विंटरचा ट्रँगल (बॉल फिरवत खेळायची पद्धत) बसल्यावर. बॉल वर आणायचं काम बरंचसं टीममेट पिपेनकडे गेलं, बॉल कोण कट मारतोय आणि कोण मोकळा झालाय ते बघून फिरायला लागला, आणि जॉर्डनच्या हातात येईपर्यंत बाकी दोघा-तिघांचे हात त्याला लागलेले असायचे. सुरुवातीला साहेबांना हे अजिबात पटलेलं नव्हतं.

याचं फळ बघायचं तर तीन शॉट बघ, तिन्ही फायनलमधले, तिन्ही दुसऱ्यांनी मारलेले. 1991 ची गेम 5, लेकर्स जॉर्डनवर माणसं गोळा करतायत, टाइमआउटमध्ये जॅक्सन विचारतो मोकळा कोण आहे, उत्तर पॅक्सन, आणि मग जॉन पॅक्सनने शेवटच्या काही मिनिटांत एकामागून एक जंपर मारून 20 पॉइंटवर मॅच संपवली. 1993 ची गेम 6 फीनिक्समध्ये, चौथ्या क्वार्टरला तोवरचे शिकागोचे सगळे 9 पॉइंट एकट्या जॉर्डनचे, दोन पॉइंटने मागे, चौदा सेकंद राहिलेले, अख्ख्या अमेरिकेला माहीत की हाच मारणार, आणि याने बॉल पिपेनला दिला, पिपेनने आत ग्रँटला, ग्रँटने स्वतः न मारता बाहेर पॅक्सनला, थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट), 99-98, तिसरी रिंग. आणि 1997 ची गेम 6, 86-86, टाइमआउटमध्ये तो स्टीव्ह करला सांगतो की स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येईल, तयार राहा, आणि होतंही नेमकं तेच. हा बसून बोलतानाचा क्षण कॅमेऱ्यात आहे, नक्की बघ, शॉटपेक्षा मला तो जास्त आवडतो.

पण जॉर्डनचा पास मिळवायला आधी परीक्षा द्यावी लागायची. त्याच स्टीव्ह करशी 1995 च्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये त्याची मारामारी झाली होती, ठोसा बसेपर्यंत, आणि त्यानंतर दोघांचं जमलं. प्रॅक्टिसला समोरच्याला पिळून काढायचं, जो टिकेल त्याच्यावर मॅचला विश्वास ठेवायचा, अशी ती पद्धत. पगारी प्रोफेशनल लोकांत ती चालली, तू तुझ्या टीममध्ये करून बघ, पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिसला तू आणि बोर्ड दोघंच असाल.

लेब्रॉनचं एकदम उलटं, त्याच्याकडून पास मिळायला कुठलीच परीक्षा नाही, मोकळा आहेस ना मग घे. 2007 ला ईस्टच्या (लीगच्या पूर्व भागाच्या) फायनलची पहिली मॅच, डेट्रॉइटविरुद्ध दोन पॉइंटने मागे, शेवटचे सेकंद, हा आत घुसला, डिफेन्स गोळा झाला आणि याने कोपऱ्यात डॉनयेल मार्शलला पास दिला. मार्शलने आधीच्याच मॅचला सहा थ्री मारले होते, पण हा चुकला, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे बोंब की जॉर्डनने असा पास दिला नसता (वरचे तीन शॉट आठव आणि हस). त्याच सिरीजच्या गेम 5 ला मग त्याने क्लीव्हलँडचे शेवटचे सलग 25 पॉइंट एकट्याने मारून दाखवले, 48 टोटल. आता तेरा वर्षं पुढे ये, 2020 फायनलची गेम 5, लेकर्स एका पॉइंटने मागे, लेब्रॉनचे 40 झालेले, तो आत घुसतो, माणसं अंगावर येतात, पास बाहेर डॅनी ग्रीनला, ग्रीन पूर्ण मोकळा, चुकला. मॅच गेली, पुढच्या मॅचला रिंग आली. मधल्या काळात तीन रिंगा जिंकल्या, जगभराच्या शिव्या खाल्ल्या, पण हा पास त्याने बदलला नाही, आणि माझ्या मते तो दोन्ही वेळा बरोबर होता.

तरीपण या स्टाइलला एक किंमत आहे. लेब्रॉन पंगतीतल्या वाढप्यासारखा आहे, कुणाच्या पानात काय कमी आहे हे त्याला बरोबर दिसतं, पण वाढणारा तोच, तो बसला की पंगत थांबली. आकडेच बघ: 2009-10 ला क्लीव्हलँड 61 मॅच जिंकलं, हा मायामीला गेला आणि पुढच्या सीझनला 19. परत आला, 2016 ला सीझनमध्ये 73 जिंकून 9 च हरलेल्या वॉरियर्सना फायनलमध्ये 1-3 ने मागे असताना खेचून हरवलं, त्या सिरीजमध्ये पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक पाचही गोष्टींत दोन्ही टीम मिळून पहिला नंबर याचाच. 2018 ला परत गेला, टीम 50 वरून परत 19. याउलट जॉर्डन 1993 ला बेसबॉल खेळायला गेला तर शिकागो 57 वरून फक्त 55 वर आलं, कारण पिपेन होता, सिस्टम होती. लेब्रॉनचे फॅन म्हणतील बघा एकट्याने किती ओढली, जॉर्डनचे म्हणतील बघा टीम किती घडवली, आणि जॉर्डनला खाली खेचायलाही हाच 55 चा आकडा वापरला जातो. मला विचारशील तर यातून एवढंच दिसतं की लेब्रॉनसोबत खेळणारा माणूस एका कामापुरता उरतो, कोपऱ्यात उभं राहा आणि मार. शेन बॅटियरने 2013 च्या गेम 7 ला सहा थ्री मारले तेव्हा ते काम सोन्याचं होतं. पण तुझ्या टीममध्ये कोपऱ्यातून मारणारं कुणी आहे का? नसेल तर हा रस्ता बंद, कारण तुझा डिफेंडर सोडून बाकी चौघं आरामात पेंटमध्ये (बास्केटखालच्या चौकोनात) येऊन उभे राहतील.

स्टेफ करी. इथे असिस्टचा हिशोब पार कोलमडतो. 2015-16 ला, ज्या वर्षी करीने 402 थ्री मारले आणि टीम 73 जिंकली, तेव्हा वॉरियर्समध्ये सगळ्यात जास्त असिस्ट करीचे नव्हतेच, ड्रेमंड ग्रीनचे होते, 7.4, करी 6.7. कारण काय, तर करी अर्ध्या कोर्टाच्या जरा पुढे स्क्रीन घेतो (टीममेट त्याच्या डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो), दोन डिफेंडर घाबरून त्याच्यावर धावतात, तो लगेच छोटा पास ग्रीनला देतो, आणि ग्रीनपुढे चार विरुद्ध तीन असा रिकामा रस्ता. पुढचा लॉब (उंच पास) किंवा कोपऱ्यातला पास ग्रीनचा, म्हणून असिस्टही ग्रीनचा, करीच्या नावावर शून्य. आणि पास दिल्यावर करी थांबत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, तो कुणासाठी तरी स्क्रीन लावतो किंवा परत धावत सुटतो, त्याच्यामागे एखादा डिफेंडर सटकतो आणि तिसराच कुणीतरी बास्केटखाली मोकळा सापडतो. स्टीव्ह कर 2014 ला कोच म्हणून आला आणि वॉरियर्सचा बॉल फिरायला लागला, पहिल्याच सीझनला 67 जिंकून रिंग. वर 1997 मध्ये टाइमआउटला बसलेला तोच हा माणूस, जॅक्सनकडे खेळलेला, नंतर सॅन अँटोनिओला पॉपोविचकडे खेळलेला.

करीवर आक्षेप घेणारे म्हणतात ड्युरंट आणून जिंकला, 2017 आणि 2018 ची फायनल एमव्हीपीही ड्युरंटच. बरोबर आहे, पण 2015 ला ड्युरंट नव्हता (तेव्हा फायनल एमव्हीपी आंद्रे इग्वोडाला होता, म्हणजे बघ, टीममेटलाच मिळाली), आणि 2022 लाही नव्हता, तेव्हा बोस्टनमध्ये गेम 4 ला 43 मारून स्वतःची मिळवली एकदाची. चार रिंगा, फायनल एमव्हीपी एक. याचं वाईट वाटून घेणारा सुपरस्टार असता तर त्या चार झाल्या नसत्या असं मला वाटतं.

योकिचवर थोडक्यात बोलतो कारण तो बघायचा प्लेयर आहे, सांगायचा नाही. 2014 च्या ड्राफ्टला (टीम नवे प्लेयर निवडतात तेव्हा) 41 वा, टीव्हीवर त्याच्या नावाच्या वेळी जाहिरात चालू होती. सेंटर असून बॉल त्याच्यातून वाहतो, फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर पाठ करून उभा राहतो, टीमचा गार्ड मरे त्याच्याजवळून हँडऑफ (हातातून हातात बॉल) घ्यायला येतो, आणि डिफेन्सने काहीही केलं तरी याच्याकडे पुढचं उत्तर तयार. 2023 फायनलच्या गेम 2 ला मायामीने त्याला मारू दिलं आणि पासचे रस्ते बंद केले, त्याने 41 मारले, असिस्ट फक्त 4, डेन्व्हर हरलं. पुढच्याच मॅचला 32 पॉइंट, 21 रिबाउंड, 10 असिस्ट, मरेचाही ट्रिपल-डबल, आणि मग गेम 4 ला ब्रूस ब्राउनसारख्या बेंचवरच्या गड्याने 21 मारले. सिरीज 4-1. मायामीने पुढेही तोच प्रयत्न केला असता, पण योकिच वाट बघतो, घाई करत नाही, आणि बाकीच्यांना माहीत असतं की कट मारला तर बॉल येणारच, म्हणून ते कट मारतात. लेब्रॉनच्या टीममध्ये लोक उभे राहतात, योकिचच्या टीममध्ये चालतात-पळतात, मला तरी हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

आता ठरव. टीममध्ये दोन-तीन जण लांबून बऱ्यापैकी मारतात आणि तू अंगाने सगळ्यांत दांडगा आहेस तर लेब्रॉन, आत घुस, डिफेन्स ओढ, बाहेर फेक, आणि चुकला तर त्याच्याकडे रागाने बघू नकोस. तू उंच आहेस, पळायला जरा जड, पण डोळे चांगले आहेत तर योकिच, आणि त्यासाठी गार्डला सांगून ठेवावं लागेल की बॉल तुझ्याकडे आधी येऊ दे. जॉर्डन मी कुणालाच सुचवणार नाही, म्हणजे 1991 नंतरचा जॉर्डन जरूर बघ, पण लोक उचलतात तो 1987 चा, फेडअवे (मागे झुकत मारलेला शॉट) आणि जीभ बाहेर. लेकर्सच्या कोबी ब्रायंटनेही 2006 ला 35.4 ची सरासरी काढली तेव्हा पहिल्याच राउंडला बाहेर गेला होता, रिंगा परत आल्या त्या टीममध्ये पाऊ गॅसोल आल्यावर, आणि 2010 च्या गेम 7 ला 24 पैकी 6 च शॉट पडत होते तेव्हा निर्णायक थ्री त्याच्या पासवर टीममेट आर्टेस्टने मारला.

बाकी बहुतेकांना मी करीच सांगतो, तुझा शॉट त्याच्यासारखा पडणार नाही हे गृहीत धरूनसुद्धा. पास दिल्यावर थांबायचं नाही, टीममधला सगळ्यात भारी असून दुसऱ्यासाठी स्क्रीन लावायचा, याला ना उंची लागते ना सिस्टम, उद्या सकाळच्या प्रॅक्टिसपासून करता येतं. फक्त शिकताना हायलाइट बघू नकोस, 2015 किंवा 2022 च्या फायनलची अख्खी मॅच लाव आणि बॉल सोडून फक्त 30 नंबरकडे बघ, हायलाइटमध्ये पास दिल्यानंतरचा करी दिसतच नाही, कॅमेरा तोवर बॉलमागे गेलेला असतो.